ठिपक्यांचा रस्ता

आपत्कालीन नियंत्रण कक्षात अकरा टेबलं होती. त्यातलं खिडकीजवळचं टेबल नकाशाताईचं. खिडकीजवळचं म्हणजे मानाचं, असं नव्या माणसाला वाटे. पण त्या खिडकीतून दिसायची ती मागच्या इमारतीची भिंत आणि एसीचे गंजलेले डबे. समोरच्या टेबलावर वायरलेसकाका. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि एक कान वायरलेसच्या खरखरीला गेला होता. दुसरा कान मात्र एवढा तिखट, की कोण कुठल्या गाडीतून बोलतंय ते नाव सांगायच्या आत ओळखायचे. त्या दोघांच्या मधे चहाच्या कपांचा ट्रे, आणि पलीकडे काचेच्या खोलीत साहेब.

नकाशाताईचं काम समजायला सोपं होतं. सगळ्या खात्यांचा मिळून एकच नकाशा. वनखातं, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, शिवाय डोंगरात भटकणारे हौशी लोक. ज्याला जी वाट माहीत, त्यानं ती त्यात घालायची. कुणी पाणवठा दाखवी, कुणी पडलेला पूल. नवी वाट आधी करड्या ठिपक्यांनी दिसे. मग ताईनं ती तपासायची. उपग्रहाच्या फोटोत दिसते का पाहायचं. दिसत नसेल तर कुणाला तरी प्रत्यक्ष पाठवायचं, निदान तिथल्या वनरक्षकाला फोन करायचा. खात्री पटली की एक बटण दाबायचं. ठिपके जाऊन अखंड निळी रेघ यायची आणि त्या क्षणापासून प्रत्येक बंबातल्या, प्रत्येक टँकरमधल्या टॅबवर ती रस्ता म्हणून दिसायची.

डोंगर पेटला की धुरात ड्रायव्हरला स्वतःच्या गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही. त्याला दिसते ती निळी रेघ. तो तिच्यावर भरवसा ठेवतो, कारण ती कुणीतरी पाहिलेली असते.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर ताईकडे चारशे बारा वाटा तपासायच्या राहिल्या होत्या. त्यातली एक दगडखाणीवरची. एक तुकडा खाणीपासून वर चढत होता, दुसरा डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमाच्या मागच्या फाटकापासून निघून वर येत होता. मधला दीड किलोमीटर दाट झाडी. फोटोत नुसतं हिरवं. दोन टोकं अशी समोरासमोर आलीत म्हणजे मधे वाट असावी, असं तिला वाटलं. शनिवारची दुपार होती. घरी कुणी आजारी नव्हतं, कुणी वाट पाहत नव्हतं. तिला कंटाळा आला होता, एवढंच. पुढे तिनं स्वतःसाठी पुष्कळ सबबी शोधल्या, पण एकही अंगाला बसली नाही. तिनं या टोकावर टिचकी मारली, त्या टोकावर मारली, मधे पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ आली. तिनं बटण दाबलं आणि पर्स उचलून घरी गेली.

दीड महिन्यानं डोंगराला आग लागली. पलीकडच्या उतारावर पाणी पोचवायचं होतं. खालच्या रस्त्यानं पन्नास मिनिटं, निळ्या रेघेनं सतरा. टँकर घेऊन निघाला तो दलातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, सगळे त्याला टँकरमामा म्हणत. "खाणीवरनं जातो, नकाशात रस्ता आहे," एवढं तो वायरलेसवर म्हणाला. मग काही बोलला नाही. झाडी संपत होती तिथं कडा होता, साठ फूट सरळ खाली. मामा कड्याच्या अलीकडे थांबला. टँकर वळवायला जागा नव्हती. आग मागून आली.

त्याच संध्याकाळी ताईनं ती रेघ पुसली.

चौकशी समितीनं नकाशा मागितला, तिनं नकाशा दिला. तो मागितला त्या दिवशी जसा होता तसा, मधे दीड किलोमीटर कोरा. कुठली रेघ कुणी कधी घातली आणि कधी काढली याची नोंदही यंत्रात राहते, पण हे समितीला ठाऊक नव्हतं. त्यांनी ती मागितली नाही, तिनं दिली नाही. वायरलेसकाकांनी सांगून पाहिलं, "मामा म्हणाला होता मला, रस्ता आहे म्हणून." समितीनं ते लिहून घेतलं आणि खाली निष्कर्ष लिहिला: चालकानं नकाशा चुकीचा वाचला. दलाच्या इमारतीत कामावर असताना गेलेल्यांच्या नावांची एक पाटी आहे. मामाचं नाव तिच्यावर लागलं नाही.

ताईनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. जेवताना तो म्हणायचा, "अगं, घास तोंडात धरून कुठे हरवतेस?" ती म्हणायची, "कामाचं डोक्यात असतं." तेही खोटं नव्हतंच.

आणि दर महिन्याला त्या तारखेला मामी यायची.

मामी म्हणजे टँकरमामाची बायको. एका शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतायची. उंच, शांत बाई. दुपारच्या सुट्टीत यायची, ताईच्या टेबलाशी उभी राहायची आणि म्हणायची, "मला एकदा तो रस्ता दाखवा."

ताई उठून स्वतःची खुर्ची तिला द्यायची. पडद्यावर खाण काढायची, तिच्यापासूनचा तुकडा, मग कोरी जागा.

"इथं रस्ता नाही," मामी म्हणायची.

"नाही."

"त्याला दिसला होता."

मामी दोन मिनिटं पडद्याकडे बघायची आणि जायची. असं दहा वेळा झालं. अकराव्या महिन्यात, पुन्हा उन्हाळा लागला तेव्हा, बाकीचं सगळं घडलं.

एका सोमवारी सकाळी ताईनं नकाशा उघडला तर खाणीवरच्या तुकड्यापुढे करडे ठिपके होते. फार नाही, दोनशे मीटर. तिनं नकाशा बंद करून परत उघडला, ठिपके होतेच. पण ती यंत्रांवर काम करणारी बाई. कुठल्या तरी गाडीतल्या टॅबमध्ये जुना नकाशा राहिला असेल आणि तो जोडल्यावर जुनी रेघ वर आली असेल, हा विचार तिला लगेच सुचला आणि पटलाही. वाट कुणी घातली त्या रकान्यात नाव नव्हतं. तिनं ठिपके पुसले.

मंगळवारी ते परत आले. चारशे मीटर.

तिनं दलातले तेवीसच्या तेवीस टॅब मागवले. एकेक उघडून पाहिला, साफ केला. दल-प्रमुख थट्टेनं म्हणाला, "काय ताई, टॅबांची आंघोळ काढलीत?" ती हसली. बुधवारी ठिपके सहाशे मीटरवर होते.

मग तिच्या ध्यानात आलं की ही जुनी रेघ नव्हतीच. तिची रेघ सरळ होती. ही वळत होती. एका ठिकाणी उगाच डावीकडे जाऊन परत येत होती, जणू मधे काही मोठं आडवं असावं. आणि जागोजागी टिपा होत्या. वाटेबद्दल काही सांगायचं असेल तर लिहायला नकाशात चौकट असते, तिथं.

'इथून पहिला गिअर.'

'उजवीकडचा दगड सुटा आहे. डावं चाक गवतावर घ्यावं.'

'टँकर भरलेला असेल तर इथं ब्रेक मारू नये.'

ताईनं पडदा वायरलेसकाकांकडे वळवला. "काका, हे जरा वाचा. कुणी लिहिलं असेल?"

काकांनी चष्मा पुसला, वाचलं. मग शेवटापर्यंत जाऊन परत पहिल्यापासून वाचलं. उठून पाण्याच्या पिंपाशी गेले, पेला भरला आणि तो तसाच तिथं ठेवून परत आले.

"काका?"

"पुसत जाऊ नकोस ते," काका म्हणाले, आणि त्यांनी कानाला हेडफोन लावले.

तिनं पुसणं सोडलं. रोज सकाळी ठिपके वाढत राहिले. शुक्रवारी ते कड्यापाशी पोचले आणि थांबले. शनिवारीही तिथंच होते. रविवारी सुट्टी असून ती ऑफिसला आली, तेव्हाही तिथंच. शेवटच्या ठिपक्याजवळ नवी टीप होती.

'इथं थांबलो.'

बाकी सगळ्या टिपा पुढच्या माणसासाठी होत्या. ही तशी नव्हती. ताई रिकाम्या कक्षात बराच वेळ बसून राहिली. कक्ष लख्ख उजेडात होता, खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर करत होतं. भीती वाटायला हवी होती, पण तिला भीती वाटत नव्हती. चारचौघांत कुणीतरी आपलं नाव घेऊन हाक मारावी आणि आपण मान वर करू नये, तसं वाटत होतं.

सोमवारी ठिपके कड्याच्या पुढे गेले.

उपग्रहाच्या फोटोत तिथं कड्याची काळी सावली होती आणि तिच्याखाली झाडांचे शेंडे. ठिपके त्या सावलीवरून गेले होते. पुढे पलीकडच्या उतारावर नागमोडी उतरायला लागले होते. एक वळण, दुसरं, तिसरं.

त्याच दिवशी महिन्याची तारीख होती. मामी आली. ताईनं खुर्ची दिली. या वेळी खाण काढावी लागली नाही, ती पडद्यावर होतीच.

मामी पुढे वाकली. "हे काय?"

"कुणीतरी वाट घातलीय. तपासायची राहिलीय अजून."

"कुणी घातली?"

"नाव नाही."

मामीनं एक टीप वाचली. ओठ हलवून, शब्द शब्द. मग दुसरी. तिचा हात पडद्याकडे गेला आणि काचेपासून बोटभर अंतरावर थांबला.

"मग तपासा ना," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. "तपासायचं म्हणजे तुम्हाला काय करावं लागतं?"

"जाऊन बघावं लागतं."

"मग जाऊन बघा," मामी म्हणाली आणि गेली.

ताई गेली नाही. उद्या जाऊ म्हणाली. मंगळवारी साहेबांची बैठक होती, बुधवारी वारा सुटला.

गुरुवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. डोंगराच्या पलीकडे, दरीच्या तोंडाशी आग. वारा दरीतून वर चढणारा. साडेबारापर्यंत खालचा रस्ता दोन ठिकाणी पेटला. त्या रस्त्याच्या शेवटी वृद्धाश्रम होता: एकतीस म्हातारी माणसं आणि सात कर्मचारी. तिथला फोन दोनदा वाजला आणि मग वाजेनासा झाला.

कक्षातला उजेड पिवळा पडला. मागच्या इमारतीची भिंत पितळेसारखी दिसायला लागली. साहेब काचेच्या खोलीतून बाहेर येऊन ताईच्या खुर्चीमागे उभे राहिले.

वायरलेसवर दल-प्रमुखाचा आवाज आला. तो दोन बंब आणि एक बस घेऊन खाणीच्या तिठ्यावर होता.

"कंट्रोल, खालून जाणं शक्य नाही. माझ्या टॅबवर खाणीवरनं ठिपक्यांची वाट दिसतेय. थेट आश्रमाच्या मागच्या फाटकापर्यंत. पंधरा मिनिटांत पोचतो. जाऊ?"

ताईनं पडद्याकडे पाहिलं. सकाळपर्यंत अपुरी असलेली वाट आता पुरी झाली होती. वळणावळणानं उतरून फाटकाला टेकली होती.

"ताई," प्रमुख म्हणाला, "रस्ता आहे की नाही? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. माझ्याकडे वेळ नाही."

साहेब मागून म्हणाले, "बटण दाबा ना. थांबलात कशाला?"

तिनं बटण दाबलं, पण नकाशाचं नाही. वायरलेसचं. त्या बटणानं बोललेलं प्रत्येक गाडीत, प्रत्येक चौकीत, दलाच्या इमारतीतल्या कर्ण्यावरसुद्धा ऐकू जातं, हे तिला ठाऊक होतं.

"जाऊ नका," ती म्हणाली. "तिथं कडा आहे. मागच्या वर्षी त्या जागी निळी रेघ होती. ती मी जोडली होती. न बघता जोडली होती. मामांनी नकाशा बरोबर वाचला होता. नकाशा चुकीचा होता. त्याच संध्याकाळी मी ती रेघ पुसली आणि समितीला पुसलेला नकाशा दिला. ही ठिपक्यांची वाट कुणी घातली ते मला माहीत नाही. ती मी पाहिलेली नाही. मी कुठलीच पाहिलेली नाही. जाऊ नका."

तिनं बटण सोडलं.

खरखर झाली. मग तीही थांबली. अकरा टेबलांवरचे हात होते तिथंच राहिले.

"कळलं, कंट्रोल," प्रमुख म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "खाणीवर थांबतो."

मागे वळून साहेबांकडे बघायची तिची छाती झाली नाही. काका समोरच बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. चहाच्या ट्रेवरचा एक कप सरळ करून ठेवला फक्त.

पावणेएक. एक. सव्वा वाजला. आश्रमाच्या दिशेनं धुराचा खांब उभा राहिल्याचं चौकीवरून कळलं. खरं बोलून आपण अडतीस माणसं मारली, असं तिच्या मनात आलं. पुढच्याच क्षणी तिला कळलं की या विचारातही आपण स्वतःचंच बघतोय, आणि त्याचीही लाज वाटली.

एक वाजून बावीस मिनिटांनी प्रमुख बोलला.

"कंट्रोल. माणसं येतायत."

"कुठून?" काकांनी विचारलं.

"वरून."

"वरून म्हणजे?"

"खाणीच्या वाटेनं. चालत." तो थांबला. "म्हातारी माणसं आहेत, काका. एकामागे एक. पुढच्याचा पदर, पुढच्याचा सदरा धरून."

"मोजा," काका म्हणाले.

प्रमुखानं मोजली. अडतीस भरली.

संध्याकाळी त्यांना एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं. कोण कुठल्या वाटेनं आलं ते लिहून घ्यायचं काम नकाशा विभागाचं होतं, आणि नकाशा विभाग म्हणजे ताई एकटी. साहेब तिच्याशी बोलत नव्हते. त्यांनी कागदावर लिहून पाठवलं. ती वही घेऊन गाद्यांच्या रांगांमधून फिरली. बहुतेकांना नीट सांगता येत नव्हतं. धूर होता, चालायला सांगितलं, चाललो. शेवटच्या गादीवर एक निवृत्त शिक्षिका बसली होती. राखेनं माखलेली, पण ताठ.

"टँकर आला होता मागच्या फाटकाशी," ती म्हणाली. "ड्रायव्हर खाली उतरला नाही. आतूनच म्हणाला, मागचा दोर धरा आणि एकमेकांना सोडू नका. हळू चालवत होता बिचारा. आम्हाला झेपेल इतकं हळू."

"रस्ता कसा होता?"

"चढाचा. वळणं फार. मला मोजायची सवय आहे, नऊ मोजली. मग एका जागी तो थांबला. म्हणाला, आता डोळे मिटा. आम्ही मिटले. उघडले तेव्हा खाण होती."

"आणि टँकर?"

"तो नव्हता पुढं." बाईंनी चष्म्याची काडी नीट केली. "निघताना विचारत होता मला, ती बघायला कधी येणार?"

"ती कोण?"

"मला काय माहीत, बाई? मला वाटलं, बायको असेल त्याची."

ताईनं वहीत पहिली दोन उत्तरं लिहिली. त्या 'ती'बद्दलचं तिसरं लिहिलं नाही.

चौकशी पुन्हा उघडली. तिनं या वेळी नोंदींसकट सगळं दिलं. साहेब म्हणाले, "माणसं वाचली म्हणून तुमची नोकरी वाचली, एवढं लक्षात ठेवा," आणि तिला तळमजल्यावरच्या जुन्या फायलींकडे पाठवलं. मामाचं नाव पाटीवर लागलं. म्हातारी माणसं कशी आली याबद्दल समितीनं लिहिलं की पलीकडून कड्याला वळसा घालणारी एखादी पायवाट असावी. ते 'असावी' वाचून ताईनं कागद उलटा ठेवला. त्याच शब्दावर तर तिनं मागच्या वर्षी रेघ ओढली होती.

नाव लागलं त्या दिवशी ती मामीच्या घरी गेली. दोन खोल्या, शिवणयंत्र, खुंटीवर अजून खाकी शर्ट. मामीनं तिला बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. ताईनं उभ्यानंच काय सांगायचं ते सांगितलं. ते आधीच अख्ख्या गावानं ऐकलं होतं, तरी सांगितलं.

"मला माहीत होतं," मामी म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून. तुम्ही उठून खुर्ची द्यायचात. त्या कचेरीत मला दुसऱ्या कुणी कधी खुर्ची दिली नाही."

ताईला मान वर करवेना. "मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, किती वेळा उठते ते बघू."

शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेली बाही लोंबत होती. मामीनंच विचारलं, "तो काय म्हणाला त्या बाईंना? बघायला कधी येणार म्हणाला?"

"हो. तुम्हाला म्हणाला असेल."

"मला कशाला म्हणेल?" मामी म्हणाली. "पण मीही येते."

रविवारी सकाळी त्या दोघी खाणीपर्यंत रिक्षानं गेल्या आणि तिथून चालायला लागल्या. उतार जळून काळा झाला होता. पाय टाकला की राखेचा भपका उठायचा. ताईनं सवयीनं मोबाइलवर वाटेची नोंद चालू केली होती. वाट तपासायला जाणाऱ्यानं ती करायचीच असते. उजवीकडे एक सुटा दगड होता. मामी त्याच्या डावीकडून, गवताच्या जळक्या खुंटांवरून गेली.

कड्यापाशी जमीन अजून तेलकट काळी होती. मामी तिथं न थांबता बाजूच्या खडकावर जाऊन बसली. ताई कडेपर्यंत गेली. साठ फूट खाली जळक्या झाडांचे सांगाडे, त्यापलीकडे दरी, दरीत आश्रमाचं काळवंडलेलं छप्पर. पायवाट नव्हती. शेळी उतरेल एवढीही जागा नव्हती. ती वर्षभरापूर्वी यायला हवी होती तिथं आज उभी होती, आणि बघायला पाच मिनिटंही लागली नव्हती.

"पाहिलं," ती हळूच म्हणाली. "पाहिलं मी."

मग ती वळली.

मामी खडकावर नव्हती. ती उभी होती, थोडी लांब. तिच्या हातातली पाण्याची बाटली रिकामी होती आणि तिची सावली आता दुसऱ्या बाजूला पडली होती.

"कुठं गेला होतात?" मामीनं विचारलं.

"कुठं म्हणजे? इथंच तर होते."

"मी हाका मारल्या. खाली वाकून बघितलं. खाणीपर्यंत जाऊन आले." मामीचा आवाज कोरडा पडला होता. "दीड तास झाला, ताई."

ताईनं मोबाइल काढला. नोंद चालूच होती. खाणीपासून कड्यापर्यंतची रेघ, वेग ताशी तीन किलोमीटर. रेघ कड्यापाशी थांबली नव्हती. पुढे गेली होती, नऊ वळणं घेत उतरली होती, आश्रमाच्या मागच्या फाटकाशी बराच वेळ थांबून त्याच वाटेनं परत आली होती. तो थांबा सोडला तर त्या सगळ्या भागात वेग कुठंही कमीजास्त झाला नव्हता. ताशी अकरा किलोमीटर.

तिनं मोबाइल मामीपुढे धरला. मामीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती ताईच्या अगदी जवळ आली होती आणि तिच्या कुडत्याची बाही दोन्ही हातांत धरून वास घेत होती.

"डिझेल," ती म्हणाली.

खाण येईपर्यंत आणि पुढे रिक्षातही मामीनं ती बाही सोडली नाही. ताईनंही हात ओढून घेतला नाही.